कपाळावरचा हात

व्हॉलीबॉलचे सर सुनेशी दोनदाच बोलत. एकदा टोमणा मारायला आणि तो तिच्या कानापर्यंत पोचला नाही अशी शंका आली, तर पुन्हा तोच मारायला.

सगळं गाव त्यांना सर म्हणे. घरात मुलगा आणि सून तेवढी ‘बाबा’ म्हणत. तरुणपणी ते स्वतः जाळ्यापाशी उभे राहून खेळले होते. उजवी करंगळी तेव्हाच वाकडी झालेली, गुडघे तेव्हाच कामातून गेलेले. आता ते क्लबच्या हॉलमध्ये मुलींच्या संघाला शिकवत आणि त्या मुली त्यांच्या शिट्टीला नुसत्या चळाचळा कापत.

सूनही खेळायची, पण कॉम्प्युटरवर. पाचजणींचा संघ, समोर दुसऱ्या पाचजणी. पडद्यावर एक शहर, एकीकडच्यांनी वेस राखायची, दुसरीकडच्यांनी ती फोडायची. ही संघाची कॅप्टन. कानाला हेडफोन लावून बसली की तोंडाचा पट्टा चालू, आणि सर दाराशी येऊन म्हणत, “झाली का लढाई सुरू? खुर्चीला लागलं नाही ना कुठे?”

इथपर्यंत सगळं घरातल्या घरात होतं. मग सुनेने क्लबकडे मागणी केली, की हॉलच्या वरची अडगळीची खोली आमच्या संघाला द्या आणि आमचा खेळ क्लबच्या खेळांत धरा. सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“माझ्या क्लबात?” जेवताना त्यांनी ताट पुढे सरकवलं. “जिथे अंगाला घाम नाही, त्याला खेळ म्हणायचं?”

“घाम ट्रक रिकामा करणाऱ्यालाही येतो, बाबा. त्याला तुम्ही पदक देता?”

“बसल्या जागी बोटं नाचवायची आणि वर तोंड करून बोलायचं!”

“बोटंच नाचवते. तुमच्यासारखी शिट्टी नाही फुंकत.”

मुलगा दोघांच्या मध्ये बसला होता. त्याने खाली मान घालून घास गिळला. या घरात तोच काय तो पंच होता, आणि त्याला दोन्ही बाजूंनी शिव्या खायची सवय झाली होती.

क्लबच्या सेक्रेटरीबाई समजूतदार होत्या. त्या सरांना म्हणाल्या, “बैठकीत तुमच्या शब्दाला वजन आहे. पण आधी एक सामना तरी बघा. न बघता नाही म्हणालात, तर पोरी म्हणतील सरांनी आकस धरला.”

सरांना ते पटलं. शत्रूच्या गोटात जाऊन दारूगोळा गोळा करावा, म्हणून ते सुनेच्या सामन्याला गेले. साधा सामना नव्हता तो. जिंकेल त्या संघाला देशाच्या संघाच्या निवड चाचणीत जागा मिळणार होती. नाट्यगृहाच्या रंगमंचावर दोन्हीकडे टेबलं, मधे भिंतीएवढा पडदा. सर पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले.

सुरुवातीला त्यांना ओ का ठो कळेना. माणसं पळत होती, धूर होत होता, कोणीतरी मरत होतं आणि लोक टाळ्या वाजवत होते. सरांनी मनातल्या मनात बैठकीतलं भाषण जुळवायला घेतलं. मग हळूहळू, नको नको म्हणत असताना, त्यांची नजर त्या गडबडीत स्थिर झाली. चाळीस वर्षं जाळ्याच्या पलीकडचा संघ वाचणारा माणूस. त्याचे डोळे त्याचं ऐकेनात. कोण पुढे येतंय, कोण घाबरलंय, कोणाची जागा रिकामी पडतेय, ते त्यांना दिसू लागलं.

आणि सुनेची खोड दिसली.

एक डाव गेला, की पुढच्या डावात ती सगळ्या संघाला डाव्या अंगाच्या अरुंद गल्लीतून नेई. दरवेळी. पोळलेला खेळाडू ओळखीच्या जागी धाव घेतो, तसं. पलीकडच्या पोरींनी ते हेरलं होतं. त्या गल्लीच्या तोंडाशी टपून बसत आणि पाचहीजणींना एकेक करून टिपत. सुनेला वाटे, आपण उशीर केला. मग पुढच्या वेळी ती त्याच गल्लीत आणखी घाईने शिरे.

मध्यंतरात ती पाणी प्यायला खाली उतरली. बरोबरी होती. चेहरा लाल, केस कपाळाला चिकटलेले. सरांच्या शेजारी उभी राहून तिने बाटली तोंडाला लावली. मग, का कोण जाणे, लग्नानंतर पहिल्यांदाच तिने त्यांना सरळ विचारलं,

“कसं वाटतंय, बाबा? काही दिसतंय का?”

सरांच्या जिभेवर आलं होतं. डावीकडे जाऊ नकोस. एवढे तीन शब्द.

“बाहुल्यांच्या मारामारीतलं मला काय कळतंय,” ते म्हणाले.

ती वर गेली. पुढचा डाव हरली, डावीकडे गेली, आणि सामना गेला.

दोन दिवस ती घरात कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बैठकीच्या खोलीत तिने सामन्याचं रेकॉर्डिंग लावलं आणि सरांना हाक मारली. मुलगाही आला. पडद्याच्या कोपऱ्यात एका लहान चौकटीत प्रेक्षक दिसत होते, पहिल्या रांगेत सर.

“हे बघा,” ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता. “आम्ही डाव हरलो. आता तुमच्याकडे बघा.”

चौकटीतल्या सरांनी कपाळाला हात लावला. त्यानंतर मोठ्या चित्रात पाचजणी डावीकडे वळल्या.

तिने पुढचा तुकडा लावला. पुन्हा तेच. हात कपाळावर आधी, वळण नंतर. आणखी एक तुकडा. तेच.

“मी वळायच्या आधी तुम्हाला माहीत असायचं, मी कुठे जाणार ते.”

सरांनी चष्मा पुसायला घेतला.

“मी विचारलं होतं तुम्हाला.”

“बाबा?” मुलगा म्हणाला. “खरंय हे?”

“दिसलं होतं,” सर म्हणाले.

“मग सांगितलं का नाही?”

“तिचा खेळ तिने बघावा.”

“खेळ!” सून हसली, पण ते हसू वाईट होतं. “आत्ता बरा तोंडातून शब्द निघाला.”

क्लबची बैठक त्याच आठवड्यात झाली. सर उभे राहिले आणि ठरवलेलं बोलले. शरीर झिजवल्याशिवाय खेळ होत नाही, खुर्चीवरच्या करमणुकीला क्लबात जागा नाही. मग सुनेला बोलायला सांगितलं. तिने खोलीचं काही काढलंच नाही. सगळ्यांसमोर सामन्याची हकिगत सांगितली, कपाळावरच्या हातासकट, आणि सासऱ्यांकडे वळून विचारलं, “तो खेळ नव्हता, तर तुम्ही माझ्यापासून लपवलंत ते काय?”

सेक्रेटरीबाई टेबलाकडे बघत बसल्या.

“चूक दिसली म्हणून खेळ होत नाही,” सर म्हणाले. “गाडी चालवणाऱ्याचीही चूक मला दिसते.”

“आणि गाडी दरीत चालली असली तरी तुम्ही गप्पच बसता?”

सेक्रेटरीबाईंनी मत द्यायला सांगितलं. हात वर झाले, मोजले गेले. सरांच्या बाजूने एक हात जास्त होता, आणि तो त्यांचा स्वतःचा होता. खोली मिळाली नाही. सून पर्स उचलून निघून गेली, आणि सरांना जिंकल्यावर जे वाटायला हवं, त्यातलं काही वाटलं नाही.

खरा फटका दुसऱ्या दिवशी बसला. सराव संपला तरी त्यांच्या संघाची कॅप्टन हॉलमध्येच घुटमळत राहिली. उंच, अबोल पोरगी. सरांचा सगळ्यात जास्त जीव हिच्यावर.

“सर, बैठकीतलं कानावर आलं. एक विचारू?”

“विचार की.”

“तुम्ही मुद्दाम सांगितलं नाही, हे खरं आहे?”

“तो वेगळा विषय आहे.”

“घरचं माणूस हरताना तुम्ही बघत बसलात, सर. उद्या तुमचं आमच्याशी बिनसलं, तर आम्हालाही असंच हरू द्याल?”

सरांनी तिला झापायला तोंड उघडलं. मग ते जाळ्याची दोरी सोडायला वळले. ती गुडघ्याचे पॅड काढून चालती झाली. त्या दिवसापासून मुली शिट्टीला उभ्या राहत, सांगितलेलं करत, पण सरांनी काही सांगितलं की एकमेकींकडे बघत. सरांनी घरी कोणाला हे सांगितलं नाही. सांगणार कोणाला? मुलगा हो-नाहीच्या पुढे बोलत नव्हता.

सुनेच्या संघाने एका छापखान्याच्या मागची खोली भाड्याने घेतली. निवड चाचणीची एक जागा रिकामी झाली होती, त्या जागेसाठी आणखी एक सामना होणार होता. एका संध्याकाळी सर गुडघ्यांना मलम चोळत बसले असताना ती लॅपटॉप घेऊन समोर आली. बसली नाही. लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला.

“हा पुढच्या संघाचा सामना आहे. बघा आणि काय दिसतं ते सांगा.”

“मी? मला बाहुल्यांतलं...”

“बाबा, मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करणारही नाही बहुतेक. पण मला जिंकायचंय, आणि तुम्हाला दिसतं.”

सरांनी तिच्याकडे पाहिलं. हाडवैऱ्याच्या दारातही मदत मागायला जाणारे खेळाडू त्यांनी आयुष्यात मोजकेच पाहिले होते. बाकीचे सगळे मानापमान कुरवाळत घरी बसले. त्यांनी बोटांचं मलम टॉवेलला पुसलं आणि चष्मा चढवला.

“हा खेळ नव्हे, हे आधी सांगून ठेवतो.”

“बरं. पुढे बोला.”

“ही मधली मुलगी भित्री आहे. धक्का बसला की मागे सरते आणि शेजारणीला उघडं पाडते. तिच्यावर जा. आणि तू स्वतः फार बडबडतेस. तुझ्या पोरींना विचार करायला जागाच उरत नाही.”

“माझी बडबड तुम्ही कधी ऐकलीत?”

“बंद दारातून रोज ऐकतो.”

“मग इतके दिवस दाराला कान लावून बसायचात?”

“कान कशाला लावायला हवेत, सगळी आळी ऐकते! मागे घे ते. नाही, आणखी मागे. तुला साधं मागे घेता येत नाही?”

“ओरडू नका.”

“मी ओरडत नाहीये!” सर ओरडले.

ती खुर्ची ओढून बसली आणि तिने चित्र मागे घेतलं.