ऐकोबाचं दुकान

मी बंद संगणक बोलतोय. बंद असून बोलतो कसा, ते विचारू नका. चालू होतो तेव्हा बोलायला सवडच नव्हती!

माझा जन्म कारखान्यात झाला, पण खरं शिक्षण झालं ते पडद्यांच्या दुकानात. गल्ल्याशेजारी बसून मी बिलं करायचो. मालकांना सगळे शेठ म्हणत. पुस्तकं त्यांनी फारशी वाचली नव्हती, पण समोरचा माणूस मात्र आरपार वाचायचे. एकदा एक बाई आल्या. पडदे हवेत, पण सासूबाईंना गडद रंग खपत नाही, नवऱ्याला दुपारी झोपायला अंधार लागतो, भिंत पिवळी आहे, खिडकीत मांजर बसतं... शेठ आपले "हं", "असं होय", "बरं मग?" एवढंच म्हणत राहिले. शेवटी त्या बाईच म्हणाल्या, "म्हणजे फिका निळाच द्या, आतून अस्तर लावून." आणि जाताना वर शाबासकी दिली, "शेठ, सल्ला द्यावा तर तुम्हीच!"

त्या गेल्यावर शेठ दुकानातल्या नोकराला म्हणाले, "गिऱ्हाईक बोलत असलं की आपण मूग गिळून बसावं. निम्मी खरेदी ते स्वतःशीच करत असतं."

हे वाक्य मी मनात जपून ठेवलं. माझ्या पोटात तेव्हा बरंच काही साठवलेलं होतं, पण पुढे उपयोगी पडलं ते एवढंच.

मग दुकानात एक नवा, सडपातळ संगणक आला आणि माझी रवानगी शाळेत झाली. देणगी म्हणून. फोटोबिटो निघाला. माझ्या कळफलकावरची दोन बटणं गायब होती, पण धर्माची गाय आणि दात का नाय! संगणकाच्या खोलीत माझ्याहून बरी यंत्रं होतीच. मी त्यांच्या पंगतीला बसलो. मुलांनी माझ्यावर पहिले प्रोग्रॅम लिहिले, बटणांवर बुक्क्या मारल्या, पडद्यावर बोटांचे ठसे उमटवले. आणि एके दिवशी नववीच्या तासाला माझ्या पाठीतून धूर निघाला. संपलं.

मला उचलून नेणार होते, पण संगणक शिकवणाऱ्या बाई आडव्या आल्या. बाई अजून कायम झालेल्या नव्हत्या, वर्षाच्या करारावर होत्या, पण पदर खोचून उभ्या राहिल्या की कायमच वाटत. म्हणाल्या, "राहू द्या याला. मला मदतनीस हवाच होता."

त्यांनी मला कोपऱ्यात बसवलं, समोर एक स्टूल ठेवलं आणि नियम काढला : प्रोग्रॅम अडला की लगेच "बाई, बाई" करायचं नाही. आधी या स्टुलावर बसायचं आणि आपण काय लिहिलंय ते ओळीओळीने या संगणकाला मोठ्यांदा सांगायचं. तरीही चूक नाही सापडली, तरच हात वर.

पोरं खो खो हसली. माझं नाव ठेवलं ऐकोबा. पहिल्या दिवशी सातवीतला एक जाडगेला गडी लाजत लाजत स्टुलावर बसला. "ऐकोबा, मी पडद्यावरच्या बाहुल्याला सांगितलंय की दहा वेळा उडी मार. हा एकदाच मारतो आणि थांबतो. मूर्ख आहे." मी गप्प. "म्हणजे बघ, आधी म्हटलं उडी मार. मग म्हटलं थांब. मग म्हटलं हे सगळं दहा वेळा... अरे, मी थांब आधी म्हटलं!" आणि पळाला. मूर्ख कोण, ते काही त्याने पुन्हा सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. गिऱ्हाईकाला लाजवू नये.

दुकान असं जोरात चालू झालं.

माझं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे नववीतली एक मुलगी. बोटं इतकी झपाझप चालायची की वर्ग तिला तुफान म्हणायचा. डोकं बोटांच्या मागून धापा टाकत यायचं, एवढंच. माझ्या स्टुलावर ती कधीच बसत नसे. "डबड्याशी काय बोलायचं?" म्हणायची.

शाळेची घंटा वाजवणाऱ्या शिपाईकाकांचा खांदा धरला होता. तुफान म्हणाली, घंटा संगणकच वाजवेल. वर्गावर्गांत कर्णे होतेच. तिने प्रोग्रॅम लिहिला, सकाळच्या तासाला तपासला, चोख चालला. आमचा तास सकाळीच असतो ना! मुख्याध्यापकांनी मान डोलावली. काकांनी आपली पितळी घंटा आणि लाकडी हातोडी माझ्या शेजारी आणून ठेवली. "सांभाळ रे बाबा," मला म्हणाले, "आता आपण दोघं पेन्शनीत."

सोमवारी सकाळचे सगळे तास मिनिटावर वाजले. तुफान हवेत. साडेबारा वाजले, मधल्या सुट्टीची घंटा झाली. पोरांनी डबे उघडले, आणि लागलीच दुसरी घंटा. मग तिसरी. मग चौथी. एकामागून एक, जेवणाऱ्याला घास गिळायची फुरसत नाही. आणि शेवटी ती लांबलचक, शाळा सुटल्याची.

पोरं काय, घंटेचं ऐकणारीच! अर्धी शाळा फाटकाबाहेर गेली तेव्हा कुठे मास्तरांच्या ध्यानात आलं.

मुख्याध्यापक संगणकाच्या खोलीत आले ते तापलेल्या इस्त्रीसारखे. "बाई, हे काय चाललंय? पालकांचे फोन घेऊन कान दुखले माझे!"

काका दारातून म्हणाले, "सर, मला आयुष्यात एकदा डुलकी लागली, तर घंटा उशिरा झाली. यांच्या यंत्राने अख्खी दुपारच गिळली की!"

"तुम्ही थांबा हो, काका." मग ते तुफानकडे वळले. "काय झालं?"

"सर, यंत्र बिघडलं असेल..."

"हे उत्तर मला नको. उद्या सकाळी कारण सांगायचं, नेमकं. नाही सांगता आलं, तर हा तास गणिताला. ही खोली सामानाला. आणि हे," माझ्याकडे बोट दाखवून, "हे आधी भंगारात." खडूने त्यांनी माझ्या कपाळावर एक ठसठशीत फुली मारली.

सगळे गेले. बाई बाकं सरळ करत राहिल्या. त्यांना चूक दिसली होती की नाही, देव जाणे. तुफानने विचारलं, "बाई, सांगा ना." शाळेत तिला याच एका तासाची ओढ होती. बाकीच्या तासांना ती जेमतेम हजेरी लावायची.

बाई म्हणाल्या, "नियम काय आहे?"

तुफान स्टुलावर बसली. नखं खाऊन झाली. मग म्हणाली, "ऐकोबा, हे बघ. मी घंटांच्या वेळा ओळीने दिल्यात. मग सांगितलंय, घड्याळातली वेळ पुढच्या घंटेच्या वेळेइतकी किंवा तिच्याहून मोठी झाली की वाजव. साडेबाराला याने वाजवली. बरोबर. पुढची घंटा एकची. मग याने बघितलं, आता वाजलेत बारा तीस, आणि एक..."

ती थांबली. मी श्वास रोखला. म्हणजे, असता तर रोखला असता.

"बारा हे एकाहून मोठेच की रे! दोनाहून पण! याला वाटलं, सगळ्या वेळा होऊन गेल्या! याला काय माहीत दुपार म्हणजे काय!"

बाईंनी बाक सोडला आणि पाठ फिरवून डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक आले. तुफान म्हणाली, "सर, तुम्ही यंत्र व्हा. मी म्हणेन तेवढंच करायचं, स्वतःचं डोकं लावायचं नाही." आणि काकांची हातोडी त्यांच्या हातात दिली. "घड्याळात बारा तीस. आकडा एकाहून मोठा?"

"मोठा."

"वाजवा."

त्यांनी वाजवली.

"दोनाहून मोठा?" "मोठा." ठण्ण! "तीनाहून?" ठण्ण! सर रंगात आले. चाराला त्यांनी अशी लांबलचक वाजवली, की व्हरांड्यात पावलांचा धुडगूस ऐकू आला. पाचवीचा वर्ग दप्तरं पाठीवर घेऊन निघाला होता.

"अहो सर!" काका ओरडत धावले. "आता बिघडलेलं यंत्र कोण?"

मुख्याध्यापक हातोडीकडे बघून असे हसले की चष्मा काढावा लागला. तुफानने घड्याळ चोवीस तासांचं केलं, दुपारच्या एकचे तेरा, दोनचे चौदा. या वेळी दुपारचीही चाचणी घेतली. तास राहिला. भंगाराचा हुकूम मात्र कोणी मागे घेतला नव्हता. माझ्या कपाळावर फुली तशीच.

मग एका दुपारी खोली रिकामी असताना मुख्याध्यापक आले. दार लोटलं. इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच स्टुलावर टेकले.

"हे बघा..." मला अहो-जाहो करणारे ते पहिलेच. "परीक्षेला पर्यवेक्षक पुरत नाहीत. चित्रकलेचे सर दोन्ही मजल्यांवर लागलेत. म्हणजे त्यांना खाली ठेवलं तर वरती... आणि खेळाचे सर तर दिवसभर मोकळे... अरेच्चा!"

उठले. दारापर्यंत गेले, परत आले, खिशातून रुमाल काढला आणि माझ्या कपाळावरची फुली पुसून टाकली. नीट, कोपऱ्याकोपऱ्यातून.

तर मंडळी, मी अजून इथेच आहे. तुमचंही कुठे अडलं तर या. स्टूल रिकामं आहे. पहिल्या ओळीपासून सांगा, घाई करू नका, आणि मला मूर्ख म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

मी मध्ये बोलणार नाही.