यशला गेलेली फुलं

आजारी रजेवर असलेल्या यशला ऑफिसातून फुलं गेली, तेव्हा प्रांजलीच्या अंगाचा तिळपापड झाला. कार्डावर तिनंही सही केली, पण पेन असं दाबलं की कागद फाटता फाटता राहिला.

दारू ढोसून माणूस आडवा होतो आणि त्याला फुलं! घरबसल्या पगार, वर टीमलीडची खुर्ची राखून ठेवलेली. खुर्ची यशची, राबणार प्रांजली. आजार कोणता, हे ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं. तिला ते यशच्या बायकोनं, जुईनंच सांगितलं होतं, तेही हसत: "अगं, दारूच होती. एकदाचं डॉक्टरला सांगितलं आणि सुटलो बाई!"

खरी आग त्या 'सुटलो'नं लागली होती. नीउ-व्हेनेप या डच गावात प्रांजलीच्या घरी तिचा नवरा श्रीहर्ष तसाच पीत होता, आणि ती सोमवार आला की त्याच्या ऑफिसात फोन करून पित्ताचं कारण सांगत होती. दारूचं कळलं की नोकरी गेली, आणि दोघांचा इथला मुक्काम त्याच्याच व्हिसावर. जुईनं मात्र खुशाल सुटावं?

न राहवून ती मॅनेजर मारायकेकडे गेली. "यशला दुसरं काही झालेलं नाही. तो पितो."

मारायकेनं उठून दार लावलं. "हे मी ऐकलेलं नाही. काय झालंय, हे त्याला विचारायचा मला हक्कच नाही. ते तो आणि कंपनीचा डॉक्टर बघतील. आणि व्यसन असलं तरी इथल्या कायद्यानं तो आजारच. उपचार घेणाऱ्याला त्यासाठी काढता येत नाही."

प्रांजलीचा चेहरा खर्रकन उतरला. दाराशी थांबून तिनं विचारलं, "सगळ्याच कंपन्यांत असं?"

"सगळ्याच. का गं?"

"सहज."

सोमवारी सकाळी श्रीहर्ष पांघरुणातूनच म्हणाला, "फोन केलास? पित्तच सांगितलंस ना?"

तिनं फोन त्याच्या हातात दिला. "आज तू कर. नुसतं आजारी आहे म्हण. आणि त्यांच्या डॉक्टरनं बोलावलं की खरं काय ते सांग."

"वेडी आहेस का? नोकरी जाईल माझी!"

"नाही जात," प्रांजली म्हणाली. "यशची घालवायला गेले होते मी. नाही गेली."