पूर्णगडचा रियाल

मी एक जुना चांदीचा रियाल आहे. झांझिबारच्या सुलतानाचं नाव माझ्या अंगावर आहे. पूर्णगडच्या एका खलाशाने मला गलबतातून घरी आणलं आणि मी त्या घरचाच झालो. त्याची नातसून फातिमा मला लवंगांच्या डबीत ठेवत असे. ईदला डबी उघडायची आणि मी हातोहात फिरायचो. मित्रांनो, तेवढ्यासाठी मी वर्षभर वाट पाहायचो.

२००६ साली फातिमाच्या नवऱ्याच्या, अयूबच्या, होडीचं इंजिन कायमचं बंद पडलं. तेव्हा फातिमाने मला आपल्या मुलीच्या, समरीनच्या, हातात ठेवलं. "वीक, पण कदर करणाऱ्याला दे," ती म्हणाली.

समरीनने रत्नागिरीच्या सायबर कॅफेतून माझा फोटो इंटरनेटवरच्या लिलावात लावला. तिथे माझ्याच नावाची कितीतरी नकली नाणी होती, माझ्यापेक्षा चकचकीत. 'हाही खोटाच दिसतो,' असं लोक समरीनला लिहीत. एकाने सर्वांत मोठी बोली लावली आणि मग उत्तरच दिलं नाही. तिने पुन्हा लिलाव लावला. अखेर पुण्याच्या, जुनी नाणी जमवणाऱ्या महिपतरावांनी मला घेतलं.

त्यांनी मला भिंगाखाली धरलं, काट्यावर तोललं. "अस्सल आहे," ते पुटपुटले. तो शब्द ऐकायला मी किती आसुसलो होतो! मग त्यांनी कपाटातून एक नकली रियाल काढला, समरीनच्याच पाकिटात घातला आणि 'माल खोटा निघाला' असं लिहून परत पाठवला. त्यांचे पैसे त्यांना परत मिळाले. समरीनचं खातं लिलाववाल्यांनी बंद केलं.

एके दुपारी फोन वाजला. पलीकडे फातिमा होती. तिचा आवाज मला टेबलावरही ऐकू आला.

"भाऊ, हा आमचा रियाल नाही. आमचा जांभ्याच्या पायरीवर पडला होता, त्याच्या कडेला पोचा आहे."

"तुम्ही पाठवलात तोच परत केला," महिपतराव म्हणाले. माझा पोचा त्यांच्या बोटाखाली होता.

"बरं, ठेवा तुम्ही," फातिमा म्हणाली. " इंजिनाचं आमचं आम्ही बघू. पण माझ्या लेकीने खोटं विकलं नाही, एवढं त्या लिलाववाल्यांना कळवा."

महिपतरावांनी फोन ठेवून दिला.

आता मी काचेच्या कपाटात मखमलीवर असतो. पाहुणे माझी वाखाणणी करतात. "कुठे मिळाला हो?" असं कुणी विचारलं, की महिपतराव चहा मागवतात. मला हात मात्र कुणी लावत नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू हौसेने जपा, पण ती ज्याच्या घरून आली त्याची अब्रूही सांभाळा. आणि कधी पूर्णगडला गेलात, तर फातिमाचं घर विचारा. समरीन असेल तर तिला सांगा, तुमचा रियाल खरा होता.