ईशाचं 'चालू'

हैदराबादेत बायकांना बस फुकट आहे, मग सायकल कशाला, असं मला आठवड्यातून दोनदा तरी कुणीतरी विचारतं. विचारणाऱ्यांनी एकदा तीन पिशव्या आणि साडेतीन वर्षांची पोर घेऊन काचीगुड्याला बसमध्ये चढून दाखवावं. मी दोनदा चढले. दुसऱ्या वेळी पोर आत आणि पिशव्या बाहेर राहिल्या. तेव्हापासून सायकल.

पुढच्या टोपलीत ब्लाउज, मागे कॅरियरवर ईशाची छोटी खुर्ची, आणि खुर्चीच्या दोन्ही अंगांना फॉल-पिको केलेल्या साड्यांच्या फुगलेल्या पिशव्या. दिलसुखनगरच्या दुकानात एक दिवसाआड हे पोचवायचं आणि तेवढंच नवं काम घेऊन परत यायचं. नवरा शिवराज सकाळी सातलाच सिकंदराबादला ड्युटीवर जातो. सकाळभर खालच्या मजल्यावरची घरमालकीण ईशाला सांभाळते, पण दुपारी ती झोपते. म्हणून दुपारी ईशा माझ्या पाठीमागे.

माझ्या सासूबाईंना, इंदुताईंना, हे पसंत नव्हतं. औशाजवळच्या गावातून त्या दर दोन दिवसांनी फोन करत आणि एकच सांगत, पोरगी शाळेत जाईपर्यंत माझ्याकडे धाड, ओझ्याच्या सायकलीवर लेकराचे हाल कशाला. येत्या रविवारी न्यायलाच येते म्हणत होत्या. मी भांडले नाही. भांडायलाही अंगात त्राण लागतं. माझ्याकडे एकच उत्तर होतं, आणि ते ईशानंच मला दिलं होतं.

मलकपेटला रेल्वेच्या पुलाखालून रस्ता वर चढतो. तिथं माझ्या मांड्या भरून येतात, मागून हॉर्न वाजत राहतात, आणि वाटतं, सगळं इथंच टाकून खाली बसावं. नेमकी तिथंच ईशा माझ्या पाठीवर थापट्या मारून म्हणायची, "चालू, आई, चालू." रडणं नाही, कुरकुर नाही. मी दात-ओठ खाऊन जोर लावायची. पोरीलाच सायकल आवडते, तीच मला चालू ठेव म्हणते, असं मी सासूबाईंना ठसक्यात ऐकवलं होतं. त्या गप्प झाल्या तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं.

गुरुवारी दुकानात पोचले तेव्हा घामानं ब्लाउज पाठीला चिकटला होता. काउंटरवरची रंजना आमच्याच भाषेची, पण जन्मापासून हैदराबादची. तिनं ईशाला बिस्किटांचा पुडा दिला. ईशानं दोन खाल्ली आणि म्हणाली, "चालू." मी तिसरं भरवलं. ती तोंड फिरवून पुन्हा "चालू" म्हणाली. मी चौथं पुढे केलं, तर तिनं माझा हातच ढकलला.

रंजना हसली. "कायकू कोंबताय वहिनी तिला? बास म्हणतीये ती. चालू म्हणजे पुरे. तेलुगूत."

इथं आल्यापासून सहा महिन्यांत माझं तेलुगू 'एंता' आणि 'रेपू'पर्यंतच आलंय, म्हणजे किती आणि उद्या. शिवणकामाला तेवढं पुरतं. ईशा मात्र रोज घरमालकिणीच्या हातचा भात खाते. पोट भरल्यावर तिथं काय म्हणायचं, ते तिला बरोबर कळलं होतं.

मी खाली बसून तिच्या लेगिंग्ज वर सारल्या. दोन्ही पोटऱ्यांवर पिशव्यांच्या बकलांचे लाल वळ होते. अंघोळ घालताना ते मला दिसले होते. खेळताना लागलं असेल म्हणून मी तेल लावून मोकळी झाले होते. चढावर मी उभी राहून पॅडल मारते, सायकल डुलते, पिशव्या तिच्या पायांवर घासतात. तिथं ती पुरे म्हणत होती, आणि मी अजून जोर लावत होते.

"सांगायचं नाही का गं मला?"

"सांगितलं," ईशा म्हणाली.

मला स्वतःची फार लाज वाटली. मी नव्या कामाची एकच पिशवी घेतली आणि ती पुढच्या टोपलीत ठेवली. बाकीचं उद्या नेते म्हटल्यावर दुकानाच्या मालकीणबाईंनी तोंड वाकडं केलं. करू दे म्हटलं.

चादरघाटच्या पुलावर फोन वाजला. सायकल कडेला घेतली. सासूबाईच होत्या.

"रविवारी येऊ का न्हाई इशीला न्यायला?"

नेहमीचं उत्तर जिभेवर आलं होतं. ते गिळलं आणि सगळं सांगून टाकलं, वळांसकट. सांगताना रडू आलं. आता त्या मला फैलावर घेणार, आणि रविवारी पोर जाणार, हे मी धरूनच चालले होते.

"मंग आता थांबलीस का?" त्यांनी विचारलं.

"थांबलेय. पुलावर उभी आहे."

"थांबलीस न्हवं?" त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे मंग. रविवारचं मागनं बघू."

फोन ठेवला. अजून घर यायचं होतं. सायकलीवर बसते न बसते तोच पाठीवर थापट्या पडल्या. "चालू, आई."

मी खाली उतरले. मागे जाऊन तिच्या पोटऱ्यांवरून हात फिरवला. "पुरे झालं का? दुखतंय कुठं?"

"नाही गं," ईशा कंटाळून म्हणाली. "सायकल चालू. घरी."

तरी मी आणखी एकदा विचारलं, आणि मगच पाय पॅडलवर ठेवला.