तलावाची पातळी

मी पेलाभर पाणी प्यायले की गावाचा तलाव बोटभर उतरतो, हे पहिल्यांदा माझ्या नणंदेच्या, शकूवन्संच्या लक्षात आलं. आमच्या गच्चीवरून तलाव अख्खा दिसतो. त्या पापड वाळत घालत होत्या आणि मी कठड्याला टेकून पाणी पीत होते.

"पुन्हा पी बघू," त्या म्हणाल्या.

मी प्यायले. काठाचा ओला पट्टा थोडा रुंद झाला.

"हं," त्या म्हणाल्या आणि पुढचा पापड पसरायला लागल्या.

तहान गोळीची होती. माझा आजार दोन टोकांचा. कधी मी झोपेशिवाय राहायचे आणि गल्लीतल्या बायकांना ओढून आणून पुरणपोळ्या खायला घालायचे. मग महिनेच्या महिने केसांतून कंगवा फिरवायचंही बळ नसायचं. अशाच दिवसांत, मार्गशीर्षात, मी तलावात चालत गेले. म्हशी धुवायला आलेल्या एका माणसाने मला बाहेर काढलं. बाहेर आली ती मीच, याबद्दल कोणाला शंका नव्हती. त्यानंतर डॉक्टर केंजळ्यांनी लिथियमची गोळी सुरू केली.

"तहान लागेल, हात थरथरतील, तोंडाला धातूची चव येईल," ते म्हणाले होते. "पाणी मात्र तोडायचं नाही. मीठही नाही. आणि रक्तातली पातळी वेळच्या वेळी तपासायची."

सगळं तसंच झालं. सकाळी उठणं जमायला लागलं. मी ह्यांच्या चष्म्याच्या दुकानात जाऊन बसायला लागले. हातात पेला असताना हात थरथरला, की वारा नसतानाही तलावावर लाटा उठायच्या. एकदा एक गिऱ्हाईक फ्रेम डोळ्यांवर ठेवता ठेवता म्हणालं, "वहिनी, पेला जरा खाली ठेवा. बायका धुणं धुतायत तिकडे."

मी ठेवला.

पुढच्या वेळी आम्ही डॉक्टरांना तलावाचं सांगितलं. त्यांनी रिपोर्ट पाहिला.

"पातळी उत्तम आहे."

"तलावाची उतरतेय," हे म्हणाले.

"रक्तातली उत्तम आहे. तिच्याकडे लक्ष द्या."

संक्रांतीनंतर नळाला दिवसाआड पाणी यायला लागलं. शेजारपाजारचे लोक ओट्यावर येऊन बसू लागले. कोणी भांडलं नाही. आत काही ओतल्याचा आवाज आला की ते बोलणं थांबवायचे आणि आवाज संपला की पुन्हा सुरू करायचे. शकूवन्संनी माठावर ताट ठेवलं आणि ताटावर वरवंटा ठेवला.

"गोळीच सोडून बघ," त्या म्हणाल्या. "तहान जाईल."

मी सोडली. तहान खरोखरच गेली. तलाव चढला, पहिल्या पायरीवर आला, मग रस्त्याला लागला. लोक ओट्यावरून उठून घरी गेले. पण मला स्वयंपाकघरात चालताना फरशीऐवजी गाळ लागायला लागला. मऊ, गार, बोटांमधून वर येणारा. मला तो ओळखीचा होता. ह्यांना सांगितलं, तर त्यांनी वाकून माझी पावलं पाहिली, ओल्या फडक्याने पुसली आणि गोळीचं पाकीट पुढे केलं. गोळी मी माझ्या हाताने घेतली. वरवंटाही मीच उचलला.

तलाव पुन्हा उतरला, आधीपेक्षा खाली. दगडी कठडा दिसला, कोणाची तरी सायकल दिसली, एक उलटी होडी दिसली. मग एका दुपारी मधोमध काहीतरी काळं दिसलं.

"घागर असेल," मी म्हणाले.

शकूवन्संनी दुकानातून दुर्बीण मागवली. बराच वेळ पाहिलं.

"भांग आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्यासारखाच, डावीकडे."

त्या दिवसापासून शेजारी पाणी मागायला नाही, द्यायला येऊ लागले. ज्याच्या नळाला पाणी यायचं तो आपल्या वाटणीतला तांब्या आणून माझ्यासमोर ठेवायचा आणि गच्चीवर जाऊन जागा धरायचा. समोरच्या चिटणीसकाकू म्हणाल्या, "सावकाश पी, वैजू. घाई नाही." पण त्या उभ्याच राहिल्या. तांब्या रिकामा होईपर्यंत.

आधी कपाळ वर आलं, मग भुवया. डोळे उघडे होते. मी तलावात गेले तेव्हा नेसले होते त्या मोहरी रंगाच्या साडीचा पदर पाण्यावर पसरला होता, विटला नव्हता. ती गावाकडे बघत नव्हती, गच्चीकडे बघत होती. आणि रडत होती. दुर्बिणीतून ते स्पष्ट दिसायचं. गोळी सुरू झाल्यापासून मला रडू आलेलं नाही. आई गेली तेव्हाही आलं नाही, मी नुसती सगळ्यांना चहा देत फिरले. माझं रडू कुठे राहिलं ते आता कळलं.

"आत आणायचं का तिला?" मी ह्यांना विचारलं.

"कुठे झोपवणार?"

"माझ्या जागेवर."

"आणि तू?"

मी पुढचा तांब्या उचलला.

काल पाणी तिच्या नाकाखाली गेलं. गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टर केंजळेसुद्धा आले होते, पाण्याच्या टाकीला टेकून उभे होते. शकूवन्संनी दुर्बीण ह्यांच्याकडे दिली.

"तिला काहीतरी सांगायचंय," हे म्हणाले. "ओठ हलतायत. पण पाण्यात आहेत अजून."

"किती लागेल?" कोणीतरी विचारलं.

"एक पेला."

ह्यांनी गच्चीवर आणलेला माठ कलता करून पेला भरला. अगदी काठोकाठ. मी हातात घेतला तर हात थरथरला, आणि तिकडे लाट तिच्या नाकावरून डोळ्यांपर्यंत गेली आणि परत आली. तिने पापणी मिटली नाही. आमच्या गच्चीवर कोणीच हललं नाही.

मी पेला ओठांना लावला. पाण्याखाली तिनेही तोंड उघडलं.