विंझरचा थांबा

भोरच्या बाजारपेठेत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या झुल्फिकारला एक खोड होती. धड चाललेली वस्तूही त्याला उघडून बघावीशी वाटे. त्या खोडीनं त्याला पोटाला दिलं आणि त्याच खोडीनं २००६ साली त्याचा घात केला.

घरी एक जुना कॉम्प्युटर होता. व्हायरसनं बेजार, सुरू होईस्तोवर चहा उकळून व्हायचा. पण त्यात अब्बांचा आवाज होता. अब्बा म्हणजे अल्लाउद्दीन, भोर डेपोचे कंडक्टर. ते वारले त्याच्या आदल्या वर्षी झुल्फिकारनं त्यांना माइकसमोर बसवून "काहीतरी बोला" म्हटलं, तर त्यांनी आपली भोर-वेल्हे गाडीच पुकारली. "चला, कापूरहोळ, नसरापूर, विंझर, वेल्हे!" मग खोकले, आणि शेजारी बसलेल्या बायकोला म्हणाले, "ओ विंझरवाली बाई, माहेर आलं, उतरा."

झुबेदाबी विंझरच्या. नव्या नवरी असताना माहेरी जायला त्या नवऱ्याच्याच गाडीत बसत आणि हा भला माणूस भरल्या गाडीत असाच पुकारा करी. त्या लाजेनं अर्ध्या होत. आता दर शुक्रवारी जेवणं उरकली की त्या कॉम्प्युटरसमोर येऊन बसत आणि म्हणत, "लाव रं, झुल्फी."

एका मासिकाबरोबर लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी कॉम्प्युटर चालवणाऱ्या सिस्टीमची, फुकट सीडी आली. झुल्फिकारनं ती घालून बघितली, तर कॉम्प्युटरमधल्या कशालाही हात न लावता नुसत्या सीडीवरून नवी सिस्टीम उघडली. ना व्हायरस, ना रखडणं. गडी हरखून गेला. आता ही कायमची बसवायचीच, असं त्यानं ठरवलं. पूर्ण डिस्क वापरू का, असं पडद्यावर विचारलं गेलं आणि त्यानं बेलाशक हो म्हटलं.

का, तेही सांगायला हवं. कॉम्प्युटर विकणारा पहिल्याच दिवशी कानमंत्र देई : सी ड्राइव्ह बिघडतो, पुसावा लागतो, जपायचं ते डीमध्ये ठेवा, डीला काही होत नाही. सगळी पेठ धान्याच्या कणगीसारखी त्या डीवर विसंबून होती आणि गिऱ्हाइकांना हे ज्ञान झुल्फिकारच वाटत असे. त्याच्या लेखी डिस्क म्हणजे सी. डी वेगळा, डी सुरक्षित. अब्बांचा आवाजही त्यानं डीमध्येच ठेवला होता. एकाच डिस्कचे ते दोन कप्पे आहेत, हे त्याला ठाऊक नव्हतं. सगळं उघडून बघणाऱ्यानं नेमकं तेवढं कधी उघडलं नव्हतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

नवी सिस्टीम झकास बसली. त्यानं डी शोधला. पुन्हा शोधला. सीबरोबर डीही पुसला गेला होता.

पुण्याच्या एका दुकानदारानं डिस्क आठवडाभर ठेवून घेतली. अर्धेमुर्धे फोटो निघाले, आवाज निघाला नाही. सीडीवर एक कॉपी काढून ठेवायचं तीन वर्षं त्याच्या मनात होतं. मधला एक शुक्रवार त्यानं "बिघडलाय" म्हणून ढकलला. पुढच्या शुक्रवारी झुबेदाबी येऊन बसल्या.

"लाव रं, झुल्फी."

"अम्मी, अब्बांचा आवाज गेला. माझ्या हातनं पुसला गेला."

झुबेदाबींनी नव्या पडद्याकडं बघितलं. त्या रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"ह्या नव्यात आवाज भरता येतुया का?" त्यांनी विचारलं.

"येतो."

"मंग भर. मला समदं पाठ हाय."

त्यानं माइक पुढं सरकवला. झुबेदाबींनी पदर सारखा केला आणि घसा खाकरून पुकारलं, "चला, कापूरहोळ, नसरापूर, विंझर, वेल्हे!" तीच ओढ, तोच हेल. मग त्या अगदी अब्बांसारख्या दोनदा खोकल्या. झुल्फिकारला हुंदका आवरेना.

पण तिथं त्या थांबल्या.

"काय झालं, अम्मी? विसरलीस?"

"इसरंन कशी? पर त्ये म्या कसं म्हनू? त्ये दुसऱ्या कुनी मला म्हनायचं असतंय."

आईला असं पुकारणारं आता कुणी नव्हतं. झुल्फिकारनं डोळे पुसले, माइक आपल्याकडं ओढला आणि जमेल तेवढ्या खणखणीत आवाजात म्हटलं, "ओ विंझरवाली बाई, माहेर आलं, उतरा."

झुबेदाबींनी मान खाली घातली. इतकी वर्षं भरल्या गाडीत त्यांनी कधी उत्तर दिलं नव्हतं.

"व्हय," त्या म्हणाल्या, "उतरते."