तिसरी उडी

"नाना, आता बस झालं! खाली उतरा!" सितारा ओरडली.

मुरमाच्या ढिगाकडे तोंड करून उभ्या केलेल्या गाडीतून योगराजनानांनी हात हलवला. "शेठ देखी राहिनात, बेटी. आखो एकच उडी."

नरडाण्याच्या एमआयडीसीतला तो लहानसा कारखाना. डोंगरातल्या खाचखळग्यांच्या वाटांवर चालेल अशी उघडी चारचाकी तिथे तयार होत होती. तिचं धक्के झेलणारं सस्पेन्शन सिताराने आखलं होतं. दीड वर्ष ती धुळ्याहून बसने येऊन हेच एक काम करत होती. नाना एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. गाडी चालवून पाहायची ती त्यांनीच. "मांगनं चाक आज काही तरी बोलस," असं ते म्हणत, आणि कॉम्प्युटरवर न दिसलेली चूक तिला नेमकी तिथेच सापडे.

दोन फुटांवरून पडली तर गाडी धक्का झेलेल, असं तिचं गणित होतं. मालक नवीनशेठना व्हिडिओसाठी चार फूट हवे होते.

"शेठ, चाकाचा आर्म चासीला जोडणारी पट्टी चार मिलिमीटरची आहे. मी सहाची मागितली होती."

"दोन उड्या झाल्या ना? काय झालं?"

ती गाडीच्या पुढे धावली.

"फ्रेममध्ये येऊ नका, मॅडम," शेठ म्हणाले.

आणि ती बाजूला झाली.

तिसऱ्या उडीत डावीकडची पट्टी फाटली. चाक आत दुमडलं, गाडी उलटली, आणि नानांचा पाय तिच्या सांगाड्याच्या लोखंडी पाइपाखाली सापडला.

पाचव्या दिवशी ती धुळ्याच्या दवाखान्यात गेली, तेव्हा नानांच्या बायकोने, यशोदाबाईंनी, तिला दारातच सांगितलं. पायात रक्त पोचत नव्हतं. गुडघ्याच्या वरून काढावा लागणार होता. आजच.

नाना जागे होते. "बेटी, मन्हाच पाय रेसवर जास्ती दाबाई गया का?"

"नाही नाना. पट्टी कमी पडली. तुमची काही चूक नव्हती."

"पन कागदवर तर मी सही करी दिन्ही." ते छताकडे पाहू लागले. "शेठ बोलनात, चालवनारानी चूक लिखी द्या, नई ते बठ्ठं काम बंद व्हई जाई. तुन्हं बी."

"मी खरं काय ते सांगेन, नाना."

"कोनले?"

त्यांनी खवचटपणे विचारलं नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. सिताराने मनातल्या मनात एकेक नाव आठवून पाहिलं. आणि एकेक खोडलं.

"एक सांगू का?" नाना जरा हसले. "पहिल्या दोन उड्यास्मा कमरले धक्का बी नई लागना. कापूसना गादीवर बशेल मायक. गाडी चांगली बनायेल शे तू."

सिताराला त्यांच्याकडे बघवेना.

दोन वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आले. "चादर धरा कोणीतरी," एक म्हणाला. यशोदाबाईंनी डोक्याकडची एक बाजू धरली, सिताराने पायाकडची. उचलताना तिची बाजू जरा वर गेली. नानांनी दात आवळले.

"हळू, बेटी," यशोदाबाई म्हणाल्या.

सिताराने हात खाली घेतले, इतरांच्या बरोबरीला आणले. चौघांनी मिळून नानांना अलगद स्ट्रेचरवर ठेवलं.